मोठी पानं आली की हात आखडतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वाचक कोल्हापूरचे, वय सदतीस, राजारामपुरीत दुकान आहे. दोन वर्षांपासून दर शनिवारी रात्री सात जण कळंब्याच्या बाजूला एका मित्राच्या गच्चीवर जमतात आणि लिमिट होल्डेम पोकर खेळतात. पैसे लावत नाहीत. प्लॅस्टिकच्या चिप्स आहेत, वहीत वर्षाचा हिशोब राहतो आणि मार्चअखेर ज्याचा आकडा तळाला, तो सगळ्यांना तांबडा-पांढरा घालतो. ते लिहितात: "ताई, साधी पानं असली की माझं बरं चालतंय. मोठी पानं आली की घोळ होतो. रेज केली तर सगळे पळतात. म्हणून मी गप्प बसून दबा धरतो, तर कुणीतरी शेवटच्या पानावर येऊन पॉट उचलतो. मागच्या शनिवारी माझ्याकडं इस्पिकचा आणि किलवरचा राजा होता. मी नुसता कॉल केला. पाच जण आत. फ्लॉपला चौकटचा राजा, बदामाची नव्वी, बदामाची चव्वी. सगळ्यांनी चेक केलं, शेवटी मीही केलं. टर्नला किलवरची दुर्री. एकानं बेट मारली, माझ्या मेहुण्यानं कॉल केला, मीही कॉलच केला. बाकीचे गेले. रिव्हरला बदामाची सत्ती. मेहुण्यानं बेट मारली, आम्ही दोघांनी बघितलं. त्याच्याकडं बदामाचा गुलाम आणि बदामाची छक्की. दुसऱ्याकडं किलवरचा एक्का आणि किलवरची नव्वी. १७० चिप्सचा पॉट गेला."

त्यांचे आणखी दोन प्रश्न आहेत. मेहुणा प्रत्येक डावात शेवटपर्यंत येतो, वहीत तळाला आहे आणि त्याच्याकडून घेताना "कसंतरीच होतंय", म्हणून त्याच्यासमोर ते शेवटी चेक करून टाकतात. हे बरोबर आहे का? आणि पुढच्या महिन्यात मित्र गोव्याला जाऊन खऱ्या पैशांनी खेळायचं म्हणतायत. दुकानातले पन्नास हजार घेऊन जावं का?

भाऊ,

तो डाव तुम्ही पान न् पान लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. "माझं नशीबच असं" एवढंच लिहिलं असतंत तर मला उत्तर देता आलं नसतं. पानं समोर आहेत, तर बोलू.

हा खेळ माहीत नसलेल्या वाचकांसाठी आधी दोन ओळी. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये पाच पानं सगळ्यांची म्हणून उघडतात: आधी तीन, तो फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर. या सातांतल्या उत्तम पाच पानांवर हात ठरतो. प्रत्येक टप्प्याला एक फेरी: चिप्स लावल्या की बेट, तेवढ्याच भरल्या की कॉल, वाढवल्या की रेज, काही न लावता पुढं जाऊ दिलं की चेक. मध्ये साठतो तो पॉट. लिमिट प्रकारात बेटची रक्कम ठरलेली असते. यांच्या गच्चीवर पहिल्या दोन फेऱ्यांत १० आणि पुढच्या दोन फेऱ्यांत २०. एका फेरीत सहसा एक बेट आणि तीन रेज, त्यापुढं वाढवता येत नाही. सगळ्या उत्तराचं मूळ या ठरलेल्या रकमेत आहे.

भाऊ, मोठी पानं लपवायची ही सवय तुम्हाला कुठून लागली असेल? माझा अंदाज आहे, तीन पत्तीतून. आपल्याकडं गणपतीच्या जागरणात बसलेल्या प्रत्येकानं ती पाहिलीय. हातात ट्रेल, म्हणजे तीन एकसारखी पानं असली की माणूस चेहरा पाडून बसतो, छोटी चाल देत राहतो, आणि समोरचा तापून चाल दुप्पट करत गेला की शेवटी सगळं गोळा करतो. तिथं हे चालतं, कारण तिथं चाल वाढत जाते. नो-लिमिट, म्हणजे बेटला मर्यादा नसलेल्या पोकरमध्येही चालतं, कारण तीन फेऱ्या गप्प बसलेला माणूस चौथ्या फेरीत समोरच्याची अख्खी रास मागू शकतो. लिमिटमध्ये तुम्ही फ्लॉपला गप्प बसलात, तर ती फेरी गेली ती गेलीच. रिव्हरला तुम्हाला चाळीस मारून भरपाई करता येत नाही. तिथं वीसच.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरी म्हशी होत्या. दूध संस्थेत दर फॅटवर ठरलेला. सकाळचं संकलन चुकलं तर संध्याकाळी तेच दूध कुणी दुप्पट दरानं घेत नाही. ते घरात नासतं. वडील पहाटे अंधारात कॅन घेऊन निघायचे ते याच हिशोबानं. दरावर आपला ताबा नसेल, तर किती वेळा आणि किती दूध घालतो एवढंच आपल्या हातात उरतं. लिमिट पोकर तसंच आहे. प्रत्येक फेरी हे एक संकलन आहे, आणि तुम्ही त्या शनिवारी तीन संकलनं चुकवलीत.

आता तो डाव उलगडून बघू. पानं वाटल्यावर तुम्ही रेज करून १० चे २० केले असते आणि चौघं तसेच आत राहिले असते, तर पॉटमध्ये ५० चिप्स जास्त आल्या असत्या: चाळीस त्यांच्या, दहा तुमच्या. राजांची जोडी चार अनोळखी हातांसमोर साधारण निम्म्या वेळा जिंकते. पाच जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा पाचातला एक; तुमचा वाटा निम्मा. म्हणजे तुमच्या दहाच्या बदल्यात सरासरी पंचवीस. असा व्यवहार दुकानात कुणी समोर ठेवला तर तुम्ही नको म्हणाल का?

फ्लॉपला तीन राजे झाले. हातात जोडी असताना फ्लॉपला तिसरं पान लागण्याची शक्यता सुमारे ११.८ टक्के आहे, साडेआठ वेळांतून एकदा. ते आलं, समोर चार जण बसलेले होते, आणि तुम्ही चेक करून पुढचं पान सगळ्यांना फुकट दाखवलंत. बोर्डावर, म्हणजे मधल्या उघड्या पानांत, दोन बदाम होते. हातात दोन बदाम असलेल्या माणसाला उरलेल्या दोन पानांत फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्के असते. तो दहा चिप्ससाठी पळत नाही, पळूही नये. पण त्याला पान बघायचं असेल तर त्याचे पैसे त्यानं भरले पाहिजेत. लिमिटमध्ये असा माणूस सहसा घालवता येत नाही, म्हणूनच त्याच्याकडून प्रत्येक पानाचं भाडं घ्यायचं.

टर्नची फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथं बेट दुप्पट झालेली होती आणि तिन्ही हात नंतर उघडे झाल्यामुळं हिशोब नेमका करता येतो. मेहुण्याला वाटत होतं, नऊ बदाम बाकी आहेत. होते नऊच. पण त्यातला बदामाचा राजा आला असता तर तुमचे चार राजे झाले असते, आणि बदामाची दुर्री आली असती तर तीन राजांबरोबर दुर्रीची जोडी, म्हणजे फुल हाउस. हे दोन्ही फ्लशच्या वर. तेव्हा त्याच्या कामाची पानं सातच. तिघांची सहा आणि बोर्डावरची चार पानं सोडली तर गड्डीत ४२ उरतात. बेचाळीसमधली सात, म्हणजे सहातून एकदा. एक्का-नव्वीवाल्याला तर कुठलंच पान वाचवणार नव्हतं: नव्वी आली असती तरी तुमचं फुल हाउस मोठं होतं. सहातून पाच वेळा तुम्ही जिंकत होतात, आणि तुम्ही कॉल केलात.

रेज केली असती आणि दोघांनी ती भरली असती, तर तुमच्या जादा वीसावर त्यांचे चाळीस आले असते. सहा वेळा तोच डाव खेळला तर पाच वेळा चाळीस मिळतात म्हणजे दोनशे, एकदा वीस जातात, राहिले एकशे ऐंशी. सहानं भागा: दर वेळी तीस चिप्स. ती एक रेज न केल्याची किंमत तीस चिप्स, मग शेवटी बदाम येवो वा न येवो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती लपवली तर तुम्ही पुढच्याच शनिवारी मला खोटं ठरवाल. माझ्या म्हणण्याप्रमाणं खेळला असता तर त्या रात्री तुम्ही आणखी जास्त हरला असता. बदामाची सत्ती तशीच आली असती, मेहुणा तसाच जिंकला असता आणि पॉट १७० च्या जागी कितीतरी मोठा असता. तरीही तसंच खेळणं बरोबर होतं. "मी दबा धरला म्हणून निदान कमी गेलं" असं तुमच्या मनात आलं असेल, आणि त्याच विचारानं ही सवय टिकून राहते. हरलेल्या एका वेळी वाचलेले चिप्स दिसतात. जिंकलेल्या पाच वेळी न आलेले चिप्स दिसत नाहीत, कारण ते वहीत लिहिले जात नाहीत.

"रेज केली की सगळे पळतात" हे तुमचं वाक्य मी परत परत वाचलं. भाऊ, तुमच्याच पत्रात सातातले पाच जण फ्लॉप बघतायत, एक जण नव्वीच्या जोडीवर तीन राजांसमोर बेट मारतोय आणि मेहुणा गुलाम-छक्की घेऊन शेवटपर्यंत येतोय. ही पळणारी मंडळी नाहीत. एक-दोनदा एक्क्यांच्या जोडीवर सगळ्यांनी पानं टाकली असतील, ते मनाला लागलं असेल. लागणारच. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. एवढ्या दिवसांनी आलेला पाहुणा चहाही न घेता गेला की चुटपुट लागते. पण त्या दोन प्रसंगांवरून नियम करू नका.

आणि ते खरंच पळत असतील, तर त्याचं कारण तुमची रेज फक्त एक्के आणि राजे आल्यावरच येते, हे असू शकतं. दोन वर्षं एकत्र खेळणाऱ्या माणसांना एवढं कळतं. त्यावर उपाय म्हणजे राजे असतानाही गप्प बसणं नव्हे. इतर चांगल्या पानांवरही तशीच रेज करा: एक्का-राजा, एक्का-राणी, राण्यांची, गुलामांची, दश्श्यांची जोडी, आणि तुमच्या आधी कुणी आत आलं नसेल व तुमची जागा मागची, म्हणजे शेवटी बोलणाऱ्यांतली असेल तर एकाच रंगाची राजा-राणीसुद्धा. मग राजे आले की तुमची रेज नेहमीसारखीच दिसते. लपायचंच असेल तर गर्दीत लपा.

यावर एक जाणकार आक्षेप येईल, तो मीच मांडते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये सेफियस नावाचा संगणक प्रोग्रॅम जाहीर केला. दोनच खेळाडूंचं लिमिट होल्डेम त्यानं जवळपास पूर्ण सोडवलं आहे. माणूस आयुष्यभर खेळला तरी त्याला खात्रीनं हरवू शकणार नाही, इतकं. हा प्रोग्रॅम डीलरच्या जागी असताना पहिल्या फेरीतली शेवटची रेज जवळजवळ कधीच करत नाही, एक्क्यांची जोडी असली तरी. मग तोही दबा धरतो की! हो, पण कुठं धरतो ते बघा. जिथं लपण्याची किंमत एक छोटी बेट आहे तिथं, आणि अशा प्रतिस्पर्ध्यासमोर जो त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावतो. शिवाय तोच प्रोग्रॅम खेळायची पानं आली की नुसता कॉल करून क्वचितच आत येतो. रेज करूनच येतो. तुमच्या गच्चीवर सात जण आहेत आणि त्यातले निम्मे तुमची पानं काय असतील याचा विचारच करत नाहीत, स्वतःच्या पानांत गुंतलेले असतात. जो बघतच नाही त्याच्यापासून लपण्यासाठी दर फेरीला चिप्स मोजायचे कशाला?

दबा धरणं कधीच बरोबर नसतं असं मात्र नाही. फ्लॉपलाच फुल हाउस किंवा चार एकसारखी पानं लागली, पॉट लहान आहे आणि समोरच्यांकडं अजून काहीच जमलेलं दिसत नाही, तर एक पान फुकट दाखवा. त्यातून त्यांचं काहीतरी जमेल आणि ते पुढं भरतील, आणि तुम्हाला मागं टाकणारं पान जवळपास नाहीच. याउलट बोर्डावर दोन बदाम, समोर चौघं आणि हातात तीन राजे, ही वेळ दबा धरायची नाही. मधला एक मार्गही आहे. समोर एकच माणूस आहे आणि तो सवयीनं बेट मारत राहतो, तर फ्लॉपला दहावर नुसता कॉल करा आणि टर्नला वीस झाल्यावर रेज करा. दोन-तीन जण आत असतील तर हे नको.

चेक करून मग रेज करायची असेल, तर आधी सवयीनं बेट मारणारा कुठं बसलाय ते बघा. तो तुमच्या लगेच डावीकडं असेल तर उत्तम. तुम्ही चेक केलंत, त्यानं बेट मारली, बाकीच्यांनी एकेक कॉल केला, आणि फिरून तुमच्याकडं आल्यावर तुम्ही रेज केलीत की एकदा आत पैसे टाकलेले सगळे दुसऱ्यांदाही टाकतात. तोच माणूस सगळ्यांत शेवटी बोलणारा असेल, तर तुमच्या रेजनंतर मधल्यांना एकदम दोन बेट भरायच्या येतात आणि ते निघून जातात. एक्क्यांची नुसती जोडी असेल तर ते गेलेले बरेच. तीन राजे असतील तर ते राहायला हवेत. तेव्हा चेकच्या भानगडीत न पडता सरळ बेट मारा.

आता मी ज्याला तुमचं खरं नुकसान मानते तिकडं येते. ते राजांच्या आणि एक्क्यांच्या डावात नाहीच. ते डाव महिन्यातून चार येतात. नुकसान आहे तुम्ही एका ओळीत उरकलेल्या त्या वाक्यात: "त्याच्यासमोर शेवटी चेक करून टाकतो."

समजा तुमच्याकडं राणी-दश्शी आहे. बोर्डावर राणी, नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री, रंग मिसळलेले. समोर मेहुणा, त्यानं रिव्हरला चेक केलं. तुमच्याकडं राण्यांची जोडी, साधीशी. तुम्ही मनात म्हणता, त्याच्याकडं राणीबरोबर एक्का असला तर? दोन जोड्या असल्या तर? आणि चेक करून पानं उघडता. पण तुम्हीच लिहिलंय की तो प्रत्येक डावात शेवटपर्यंत येतो. म्हणजे नव्वीची जोडी, सत्तीची, चव्वीची, नुसता एक्कासुद्धा घेऊन तो वीस चिप्स भरणार. इथं विचारायचा प्रश्न एकच: त्यानं कॉल केला, तर अशा वेळांतल्या निम्म्याहून जास्त वेळा माझं पान चालेल का? तो पानं टाकणार असेल त्या वेळांचा हिशोबच करायचा नाही, तेव्हा काही बदलत नाही. दहा कॉलपैकी सात वेळा तुम्ही जिंकलात तर १४० आले, ६० गेले, ऐंशी राहिले. सहा वेळा जिंकलात तरी चाळीस.

ऐंशी चिप्स लहान वाटतील. लिमिटच्या जुन्या खेळाडूंमध्ये एक ठोकताळा आहे: चांगला खेळणारा माणूस तासाला सरासरी एक मोठी बेट कमावतो. तुमच्या टेबलावर मोठी बेट वीसची. चार तासांचा शनिवार धरला, तर उत्तम खेळाडूची रात्रीची कमाई ऐंशी चिप्स. म्हणजे तासाला एक रिव्हर बेट भिडेपोटी सोडून दिलीत, तर तुमची सगळी कमाई तिथंच गेली. तुम्ही वर्षभर राजांच्या डावांचं दुःख करत बसलात आणि गळती इथं होती.

पुढची शंका तुमच्या मनात आलीच असेल: मी बेट मारली आणि त्यानं उलटी रेज केली तर? मेहुण्यासारखा नुसते कॉल करणारा माणूस रिव्हरला रेज करतो तेव्हा त्याच्याकडं बहुतेक वेळा खरंच काहीतरी असतं. तरीही पॉटकडं बघा. पॉटमध्ये १८० आहेत आणि बघायला २० लागतायत, तर दहातून एकदा बरोबर ठरलात तरी बरोबरी होते. पॉट मोठा असेल तर भरा आणि बघा. लहान असेल आणि त्याला तुम्ही कधीच थापा मारताना पाहिलं नसेल, तर टाकून द्या.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडं म्हणतात. मेहुण्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला नुसती म्हण ऐकवून सोडणार नाही, कारण तुमच्या मनातली माया खरी आहे. बायकोचा भाऊ आहे, वहीत तळाला आहे, मार्चमध्ये जेवणाचा भार त्याच्यावर येणार आहे. पण त्या टेबलावर तुम्ही दोघंच नाही. तुम्ही मेहुण्याला सोडता आणि त्याच डावात तिसऱ्याकडून मात्र पूर्ण घेता, तेव्हा तिसऱ्यावर अन्याय होतो. स्पर्धांच्या नियमांत ठरावीक माणसासमोर मुद्दाम मऊ खेळणं हा गैरप्रकार धरला जातो, तो याचसाठी. आणि आपल्या गावात हे समजावून सांगायला लागू नये. तालमीत जोडीदार आपला सख्खा मित्र असला तरी मातीत उतरल्यावर त्याच्याशी कुणी खोटी कुस्ती धरत नाही. धरली तर तो चिडतो. मेहुण्याला कळलं की दोन वर्षं तुम्ही त्याला सोडत होता, तर त्याला बरं वाटेल का? मला वाटतं, त्याला अपमान वाटेल.

इथं चिप्स प्लॅस्टिकच्या आहेत म्हणून मी हे इतक्या ठामपणे सांगतेय. तिथं खरे पैसे असते आणि दर शनिवारी हरणारा माणूस घरातलाच असता, तर रिव्हरला बेट मारा असं मी सांगितलं नसतं. तो खेळच बंद करा, असं सांगितलं असतं.

त्यावरून गोव्याकडं. गोव्यात १९७६ च्या कायद्याखाली परवाना असलेले कॅसिनो चालतात, त्यामुळं तिथं जाणं बेकायदा नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे. तेव्हा गच्चीवर किंवा मोबाइलवर पैसे आणायचा विचार कुणी काढला तर तिथंच थांबवा. गोव्यातल्या टेबलाबद्दल मला तुमची काळजी दोन कारणांनी वाटते. जगभर आज नो-लिमिटचाच जोर आहे. तिथं वर सांगितलेलं बरंचसं लागू पडत नाही: एका चुकीला वीस चिप्स नाही, समोरची अख्खी रास जाते. दुसरं, प्रत्येक पॉटमधून जागेचा मालक आपला हिस्सा काढून घेतो. तुमच्या गच्चीवर सातांचे चिप्स सातांतच फिरतात. तिथं प्रत्येक डावाला थोडे कमी होतात, आणि तासाला एखादी बेट कमावणाऱ्याची कमाई त्यातच जाऊ शकते.

दुकानातले पन्नास हजार हे मालाचे पैसे आहेत. ते आंबोलीचा घाट उतरू नयेत. मित्रांबरोबर जायचं असेल तर जरूर जा, मासे खा, समुद्र बघा, आणि एक संध्याकाळ टेबलावर बसायचंच असेल तर जेवढे गेले तरी घरी येऊन बायकोला सहज सांगता येतील तेवढेच खिशात ठेवा, कार्ड हॉटेलवर. हे पत्र वाचणाऱ्यांत ज्यांचा खेळ खऱ्या पैशांचा आहे आणि गेलेले भरून काढायला परत बसल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी बेट कशी मारावी हे माझ्याकडून शिकू नये. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथं आज बोलावं.

पुढच्या चार शनिवारांसाठी तुम्हाला एक काम देते. वहीच्या मागच्या पानावर जिंकल्या-हरल्याचा आकडा लिहू नका. लिमिटमध्ये चांगला खेळणाराही एका रात्रीत दोन-तीनशे चिप्स सहज मागं जातो, त्यामुळं एका शनिवारच्या निकालावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी दोन गोष्टींना रेघा मारा. रिव्हरला चेक केलंत आणि समोरच्यानं तुमच्याहून कमी पान दाखवलं, जे घेऊन तो नक्की कॉल करणार होता, तर एक रेघ. फ्लॉपला किंवा टर्नला पुढं असताना नुसता चेक किंवा कॉल केलात, तर दुसऱ्या रकान्यात एक रेघ. पहिल्या शनिवारी पंधरा रेघा निघाल्या तर घाबरू नका. चौथ्या शनिवारी पाचावर आल्या की तुमचा खेळ बदललेला असेल, मग चिप्स आले असोत वा नसोत.

मेहुण्यासाठी काही करावंसं वाटतंय ना? तर शनिवारी घरी जाताना गाडीवर मागं बसवून त्याला त्याचा डाव समजावून सांगा. तो जिंकला तोच डाव घ्या, म्हणजे मोकळ्या मनानं ऐकेल. टर्नला त्यानं वीस भरले ते बरोबर होतं, हे आधी सांगा. तेव्हा पॉटमध्ये सत्तर होते आणि त्याच्या नजरेनं नऊ बदाम बाकी होते. चूक त्याच्या आधीची. गुलाम-छक्की दोन्ही बदामाच्या असल्या तरी पानं वाटल्या वाटल्या टाकून द्यायच्या होत्या, कारण दहातल्या नऊ वेळा फ्लॉपला फ्लशकडं जायची वाटसुद्धा उघडत नाही.